पाहुण्यांना सोलापूर दाखविताना

धाकट्या बहिणीचे लग्न ठरले आणि आमच्या घरात याद्या करण्याचे दिवस सुरू झाले. अम्मीची यादी किराणा मालाची, अब्बांची यादी उसनवारीची आणि माझी यादी पाहुण्यांची. मी शाळेत शिकवते, म्हणून घरातली लिहिण्याची सगळी कामे माझ्याकडेच येतात.

मुलाकडची मंडळी छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादची. निकाह रविवारी सकाळी अकरा वाजता होता आणि अंतर सुमारे तीनशे किलोमीटर. म्हणून वडीलधारी दहा-बारा माणसे शनिवारी सकाळीच येणार आणि बाकीची वरात रविवारी पहाटे पोहोचणार, असे ठरले.

"बेटी, शनिवारचा दिवस तुझ्याकडे," अब्बा म्हणाले. "पाहुण्यांना आपले शहर दाखव."

मला घाम फुटला. ज्यांच्या शहरात बीबी का मकबरा आहे, ज्यांच्या जिल्ह्यात वेरूळ आणि अजिंठा आहे, त्यांना मी सोलापुरात काय दाखविणार? ऊन, धूळ आणि चादरी?

पण घाम फुटण्याचे खरे कारण हे नव्हते. ते कारण मी कोणालाच सांगितले नव्हते.

लग्नाची बोलणी करायला मुलाची आई आणि खाला आमच्या घरी आल्या होत्या. चहा घेताना खालांनी सहज विचारले, "तुमचे अब्बा काय करतात?" अब्बा समोरच बसले होते. ते तोंड उघडणार, एवढ्यात मी म्हणाले, "कापडाचा व्यवसाय आहे." खालांनी मान डोलावली. अब्बांनी माझ्याकडे एकदा पाहिले, मग चहाच्या कपात पाहिले आणि ते काहीच बोलले नाहीत.

माझे अब्बा यंत्रमाग कामगार आहेत. चाळीस वर्षे ते दुसऱ्याच्या मागावर चादरी विणतात. त्या मजुरीतून त्यांनी मला बी.ए., बी.एड. केले. माझ्या फीसाठी त्यांनी मालकाकडून कितीदा उचल घेतली, हे मला चांगले ठाऊक होते. तरीही त्या दिवशी माझी जीभ असे बोलून गेली.

म्हणून मी शनिवारसाठी जी यादी केली, तिचा हेतू सरळ नव्हता. पाहुणे दिवसभर आमच्या गल्लीपासून आणि अब्बांच्या कारखान्यापासून लांब राहावेत, एवढेच मला हवे होते. यादीच्या पहिल्या ओळीत मी लिहिले: विजापूर.

शनिवारी सकाळी पाहुणे आले. डिसेंबर महिना होता. सोलापूर पाहायला हेच दिवस चांगले. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा चाळीसच्या वर जातो आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. आमच्याकडे पाऊस कमी, पाणीही जपून वापरावे लागते. आमच्या गल्लीत नळाला दररोज पाणी येत नाही. शेजारच्या चार घरांनी आपापली पिंपे आमच्यासाठी भरून ठेवली होती, म्हणून पाहुण्यांच्या अंघोळी झाल्या.

नाश्ता झाल्यावर मी म्हणाले, "विजापूर येथून सुमारे शंभर किलोमीटर आहे. गोल घुमट पाहून संध्याकाळपर्यंत परत येऊ."

मुलाच्या दादीजान तेथे बसल्या होत्या. वय ऐंशीच्या घरात, पण नजर तीक्ष्ण आणि आवाज खणखणीत. (बोलणे अर्थात उर्दूत चालले होते, मी येथे मराठीत लिहीत आहे.) त्या म्हणाल्या, "वा, मास्तरीणबाई! लग्न सोलापुरात आणि आम्ही पाहायचे विजापूर? आमची सून ज्या गावात वाढली, ते गाव आम्हांला दाखवा."

सगळे हसले. यादीची पहिली ओळ तेथेच खोडली गेली. आमच्या गल्लीतील रिक्षावाले चाचा आणखी दोन रिक्षा घेऊन आले आणि आम्ही निघालो.

प्रथम आम्ही भुईकोट किल्ल्यात गेलो. हा किल्ला बहमनी काळातला. डोंगरावर नव्हे, सपाट जमिनीवर बांधलेला, म्हणून भुईकोट. त्याला तटाच्या दोन भिंती आहेत, भोवती खंदक आहे आणि एका बाजूला सिद्धेश्वर तलाव आहे. १८१८ साली इंग्रजांनी तो पेशव्यांकडून जिंकून घेतला. आत झाडांची सावली आहे. दादीजान एका दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "आता या किल्ल्याची एखादी गोष्ट सांगा."

लग्नाची माणसे म्हणून मला लग्नाचीच गोष्ट आठवली. सोळाव्या शतकात विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही या दोघांनाही सोलापूर हवे होते. १५२४ च्या सुमारास विजापूरच्या इस्माईल आदिलशहाने आपली बहीण बीबी मरियम हिचा विवाह बुऱ्हाण निजामशहाशी लावून दिला. लग्नात सोलापूर देण्याचे कबूल झाले होते. लग्न झाले, पण सोलापूर काही दिले गेले नाही. त्या न पाळलेल्या शब्दावरून दोन्ही राज्यांत लढाया सुरू झाल्या. पुढे निजामशहाची मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला दिली, तेव्हा सोलापूर आंदण म्हणून विजापूरकडे गेले. त्यानंतरच ही राज्ये एकत्र आली आणि १५६५ ची तालिकोटची लढाई त्यांनी मिळून लढली.

"म्हणजे एका खोट्या शब्दापायी चाळीस वर्षे भांडण!" दादीजान म्हणाल्या. "लग्नाच्या बोलणीत तोंडातून निघालेला शब्द जपूनच काढावा, बेटी."

त्या सहज बोलल्या होत्या. पण मी तटाकडे तोंड फिरविले.

किल्ल्याला लागूनच तलाव आहे आणि तलावात श्री सिद्धेश्वरांचे मंदिर आहे. बाराव्या शतकातील संत सिद्धरामेश्वर हे सोलापूरचे ग्रामदैवत. त्यांनी लोकांबरोबर स्वतः राबून हा तलाव खोदला, असे सांगतात. त्यांची वचने कन्नड भाषेत आहेत. जानेवारीत मकर संक्रांतीच्या वेळी येथे गड्ड्याची यात्रा भरते. उंच नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि सारे शहर रस्त्यावर येते. आम्हां मुलांना लहानपणी यात्रेतल्या पाळण्याचे वेड होते, हेही मी पाहुण्यांना सांगितले. मुलाच्या धाकट्या भावाने विचारले, "पुढच्या वर्षी भाभीबरोबर यात्रेला यायचे का?" सगळ्यांनी लगेच हो म्हटले.

तेथून आम्ही चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी गेलो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. १९३० च्या मे महिन्यात, गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटून उठले. काही दिवस शहरात इंग्रजांची सत्ताच उरली नव्हती. मग सरकारने लष्करी कायदा पुकारला. या चौघांवर खटला चालला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. कुर्बान हुसेन हे गिरणी कामगारांत काम करणारे, ऐन विशीतले तरुण होते.

मुलाचे मामा पुतळ्यांखालची नावे मोठ्याने वाचू लागले. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "चार घरचे चौघे."

"हो, पण फाशीचा दिवस एकच," मी म्हणाले.

वाटेत मी त्यांना आणखी दोन-तीन ठिकाणे सांगितली. वेळ असेल त्याने भैय्या चौकातील डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे जन्मघर पाहावे. हा सोलापूरचा मुलगा १९३८ साली चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करण्यासाठी गेला आणि १९४२ साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच वारला. चीनमध्ये आजही त्यांचे नाव आदराने घेतात. जुन्या वास्तूंची आवड असेल त्याने महापालिकेची इंद्रभुवन ही देखणी इमारत पाहावी. पक्षी पाहायचे असतील, तर नान्नजचे माळढोक अभयारण्य शहरापासून जवळ आहे. हैदराबादच्या रस्त्याने सुमारे पन्नास किलोमीटरवर नळदुर्गचा किल्ला आहे. पावसाळ्यात तेथील बंधाऱ्यावरून पाणी कोसळते, ते दृश्य विसरता येत नाही.

दुपारी घरी जेवण होते. जेवणात आम्ही मुद्दाम सोलापूरचे पदार्थ ठेवले होते. ज्वारीची कडक भाकरी पाहून मुले चकित झाली. ही भाकरी पापडासारखी पातळ आणि कुरकुरीत असते व कितीतरी दिवस टिकते. तिच्याबरोबर शेंगांची चटणी. भाजलेले शेंगदाणे, तिखट आणि लसूण उखळात इतके कुटायचे, की चटणीला आपले आपणच तेल सुटते. मागून दालचा आणि भात होताच, पण मुलांनी भाकरीचाच फडशा पाडला. दादीजानना दात कमी होते. त्यांनी भाकरी दालच्यात कुस्करून खाल्ली आणि दोनदा मागून घेतली.

जेवताना मुलाच्या आईने विचारले, "तुमचे अब्बा दिसले नाहीत?"

"ऑर्डर होती," मी म्हणाले. "दुपारनंतर येतील."

हे खोटे नव्हते. मालकाने लग्नासाठी मोठी उचल दिली होती आणि सोमवारी माल जायचा होता. "शनिवारची पाळी अर्धी तरी करून येतो," असे सांगून अब्बा पहाटेच गेले होते. माझे वाक्य खरे होते, पण ते ऐकून समोरच्याच्या मनात जे चित्र उभे राहिले, ते खरे नव्हते. खरे शब्द वापरूनही खोटे बोलता येते, हे मला त्या दिवशी कळले.

जेवण झाल्यावर दादीजान म्हणाल्या, "आता चादरी. सोलापूरला जाऊन चादर न आणता परतले, तर शेजारणी मला दारात उभी करणार नाहीत."

मी त्यांना एका मोठ्या दुकानात नेले. सोलापुरी चादर विकत घेताना काय पाहावे, ते मला अब्बांनी लहानपणीच शिकविले आहे. चादर हातात घेऊन वजन पाहावे. ती उलटून पाहावी. जेकार्ड चादरीची नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते. एका बाजूला जो रंग जमिनीचा असतो, तो दुसऱ्या बाजूला फुलांचा होतो. कडेचे धागे ओढून पाहावेत. या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. म्हणजे सोलापूरची चादर हे नाव सोलापूरच्याच मालाला लावता येते.

दादीजान माझे बोलणे लक्ष देऊन ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मला ही विणताना पाहायची आहे. आमच्या मोहल्ल्यात हिमरूचे माग होते. सूत आणि रेशीम. लहानपणी मी तासन्‌तास त्या मागांपाशी बसायची. आता फार थोडे माग उरले आहेत."

"दादीजान, तेथे फार आवाज असतो," मी म्हणाले. "कापसाचा बारीक धुरळा उडतो. तुम्हांला खोकला होईल."

रिक्षावाले चाचा दारात उभे होते. भला माणूस. ते उत्साहाने म्हणाले, "आपा, त्यात काय एवढे! तुमच्या अब्बांच्याच कारखान्यात जाऊ की. आज त्यांची पाळी आहे ना? येथून दहा मिनिटांवर तर आहे."

दुकानात क्षणभर कोणीच बोलले नाही. मुलाच्या आईने माझ्याकडे पाहिले. "पाळी?" त्या म्हणाल्या.

मी मान खाली घालून म्हणाले, "हो. चला."

शहराच्या पूर्व भागात गल्ली-गल्लीत माग आहेत. रिक्षा वळली की कानांवर खटखट सुरू होते. हे काम प्रामुख्याने तेलंगणातून पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी आलेल्या पद्मशाली विणकरांनी येथे रुजविले. अब्बांच्या मालकांची घरची भाषा तेलुगू आणि अब्बांची उर्दू. कारखान्यात दोघे एकमेकांशी मराठीत बोलतात. पूर्वी या शहरात मोठमोठ्या गिरण्या होत्या. १८७७ सालची जुनी मिल ही त्यांतली पहिली. माझे आजोबा तिच्या भोंग्यावर घड्याळ लावीत. त्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. मागांची खटखट मात्र अजून आहे.

कारखान्यात शिरताच बोलणे ऐकू येईना. अब्बा आमच्याकडे पाठ करून उभे होते. अंगात मळका सदरा, केसांत कापसाचे तंतू. चाळीस वर्षांच्या आवाजाने त्यांना कमी ऐकू येते, त्यामुळे आम्ही आल्याचे त्यांना कळलेच नाही. एक धागा तुटला होता. त्यांनी माग थांबविला, दोन टोके बोटांनी शोधून घेतली, पापणी लवते न लवते तोच गाठ मारली आणि माग पुन्हा सुरू केला.

दादीजान त्यांच्या अगदी मागे जाऊन उभ्या राहिल्या. अब्बांनी वळून पाहिले आणि ते गडबडून गेले. त्यांनी हात सदऱ्याला पुसले, डोक्यावर रुमाल टाकला, सलाम केला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. "आता काय होईल?" एवढाच प्रश्न होता.

दादीजाननी वर बोट दाखवून विचारले, "ते काय आहे?"

अब्बांनी माग बंद केला. "ते जेकार्ड," ते म्हणाले आणि सांगू लागले. मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरते. पट्ट्यांना भोके असतात. भोकांप्रमाणे उभे धागे वर उचलले जातात आणि त्यांच्यामधून आडवा धागा घेऊन धोटा पळतो. फुले, वेली, मोर, जे काही चादरीवर दिसते, ते सगळे आधी त्या भोकांत लिहिलेले असते. फ्रान्समधल्या जॅकार्ड नावाच्या माणसाने १८०४ साली ही युक्ती यंत्रात बसविली आणि पुढे भोकांच्या अशाच पट्ट्या सुरुवातीच्या संगणकांतही वापरल्या गेल्या. हे शेवटचे वाक्य माझे. अब्बांना ते माहीत नव्हते. "असे का?" म्हणून ते खूश झाले.

ताणा कसा लावायचा, कांडी कशी भरायची, एक चादर उतरायला किती वेळ लागतो, सगळे अब्बा सांगत होते. घरी पाहुण्यांसमोर संकोचून बसणारा माणूस हाच का, असे मला वाटले.

"आणि ती मघाची गाठ?" दादीजाननी विचारले. "कुठे मारली, मला दिसत नाही."

अब्बांनी कापडावर बोट ठेवले. दादीजाननी चष्मा सारखा केला, वाकून पाहिले, मग बोट फिरवून पाहिले. "नाही सापडत," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी एक सोलापुरी चादर आहे. माझ्या थोरल्या मुलाच्या जन्माच्या वेळची. विणणारा आज पाहिला."

त्यांनी मागावरून नुकतीच उतरलेली एक चादर मागितली. मालक ती भेट म्हणून देऊ लागले. दादीजाननी ऐकले नाही. मोजून पैसे दिले.

परतताना मुलाची आई माझ्या रिक्षात होती. बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "व्यवसाय आहे, असे तुम्ही सांगितले होते."

"हो. चूक झाली माझी. मला माफ करा," मी म्हणाले.

"आम्ही मुलगी पाहायला आलो होतो, दुकान नव्हे," त्या म्हणाल्या. "खरे सांगितले असते, तर मी तेव्हाही हेच म्हटले असते. आता मात्र माझ्या मनात येते, की आणखी काय सांगायचे राहिले आहे?"

त्यांचे म्हणणे खरे होते. मी उत्तर देऊ शकले नाही. त्या रात्री मला झोप आली नाही. अब्बा अंगणात खुर्च्या मोजत होते. मी त्यांच्याजवळ गेले. कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "अब्बा, त्या दिवशी मी असे बोलायला नको होते."

"तू मास्तरीण आहेस," ते म्हणाले. "तुझ्या वर्गात माझ्यासारख्यांचीच मुले बसतात. त्यांनी उद्या तुला विचारले, तर काय सांगशील?" एवढे बोलून ते पुन्हा खुर्च्या मोजू लागले.

रविवारी निकाह झाला. संध्याकाळी बहिणीला निरोप देताना थंडी वाढली होती. बसच्या पायरीवर दादीजाननी पिशवीतून ती चादर काढली, उलगडली आणि बहिणीच्या खांद्यावर घातली. मुलाच्या आईने तिची कड नीट सारखी केली. मग माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "गड्ड्याच्या यात्रेला येऊ. तेव्हा यादी नीट करा."

यादी मी आता नीट केली आहे. किल्ला, तलाव, चार हुतात्मे, डॉ. कोटणीसांचे घर, कडक भाकरी आणि शेंगांची चटणी, सगळे तिच्यात आहे. पण पहिल्या ओळीत अब्बांचा कारखाना आहे. दरवर्षी मी वर्गात मुलांना 'माझे शहर' हा निबंध लिहायला सांगते. त्याआधी मी त्यांना माझी ही गोष्ट सांगते. मग एखादा मुलगा हळूच विचारतो, "मॅडम, माझे अब्बा हातगाडी चालवितात. ते लिहू का?"

मी म्हणते, "तेथूनच सुरुवात कर."